तिष्येची गाठ

फार पूर्वी कदंबपुरात दृढसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथे एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रिक. बायको लवकर गेली, मूलबाळ झाले नाही. तरी घर कधी रिकामे नसे. कुणी नाडी दाखवायला येई, कुणी नुसते ओट्यावर टेकायला.

मग नदीपलीकडच्या राज्याशी लढाई पेटली. कदंबपूरचा विजय झाला. हाती लागलेल्या गावांतली माणसे हात दोराने बांधून, रांगेने चालवत आणली गेली. मोठ्यांना धरण बांधायला धाडले. अकरा मुले मागे उरली. कुणाचा पाय चिरडलेला, कुणाची पाठ भाजलेली. भद्रिकाने ती राजाकडून मागून घेतली.

पण औषध लावायचे कसे? त्याने फडक्याची पट्टी हातात घेतली की मुले किंचाळून कोपऱ्यात शिरत. जो बांधायला येतो तो ओढून नेतो, एवढेच त्यांना ठाऊक झाले होते. सगळ्यांत वाईट गत तिष्या नावाच्या सात वर्षांच्या मुलीची. तिच्या दंडात बाणाचे टोक मोडून राहिले होते, आणि जवळ येईल त्याला ती चावत होती.

तीन दिवस भद्रिक विचार करीत बसला. चौथ्या दिवशी तो तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि पट्टी तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "आधी तू मला बांध."

तिष्येने पट्टी उचलली. मग त्याच्या डाव्या मनगटावर पट्टी गुंडाळली आणि दातांनी ओढून करकचून गाठ मारली.

"दुखतंय?" तिने विचारले.

"दुखतंय की."

"मग सोड ना."

"नाही. तू बांधलीस, तूच सोडायची. तू सोडेपर्यंत मी हात लावणार नाही. शब्द दिला."

बाकीच्या मुलांनीही मग तेच मागितले. आठवडाभरात त्याचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत फडक्यांनी भरून गेला. मुले एकेक करून औषध लावून घेऊ लागली. तिष्या मात्र रोज सकाळी यायची, आपली गाठ बोटांनी चाचपायची, आणि कोपऱ्यात परत जायची. दंड अजून दाखवत नव्हती.

शेजारी मंदारिका नावाची माळीण राहत असे. बाई मायाळू, पण कुंपणावरून डोकावल्याशिवाय तिला फुलांचा हार पुरा करता येत नसे. तिने विचारले, "अहो वैद्यदादा, हाताला काय झालंय?"

"काही नाही. मुलांनी बांधलंय."

"चला! काहीतरीच. वैद्याला कधी मुलं बांधतात होय?"

तिला वाटले, बिचारा लपवतोय. काळजीपोटीच ती विहिरीवर बोलली, "वैद्यदादांना बघा गं कुणीतरी. खांद्यापर्यंत फडकी आहेत." विहिरीवरचे बोलणे बाजारात पोचेपर्यंत त्या फडक्यांखाली महारोग झाला होता. ओटा ओस पडला. तो दिसला की बायका मुलांना पदराखाली ओढू लागल्या. विहिरीवर त्याच्यासाठी वेगळा पोहरा आला. तोही त्याच्या हातात कुणी देत नसे, काठावर ठेवून मागे सरत.

कदंबपुरात एक रीत होती. ज्याच्यावर असा संशय येई त्याने राजसभेत सर्वांदेखत अंग उघडून दाखवायचे. दाखवले नाही तर तटाबाहेर राहायचे. भद्रिकाला बोलावणे आले.

दृढसेन म्हणाला, "वैद्यराज, माझा विश्वास नाही लोकांच्या बोलण्यावर. थोरल्या राजवैद्यांची जागा रिकामी आहे, ती तुमचीच. फक्त हात दाखवा, की विषय संपला."

भद्रिकाने सगळे सांगितले. सभेत हसू पसरले. प्रधान म्हणाला, "मग सोडा आणि इथेच पुन्हा बांधा! शत्रूची पोरं ती, त्यांना काय कळतंय?"

"एक मुलगी रोज गाठ चाचपून बघते. शब्द पाळणारं माणूस असतं की नाही, ते ती त्यावरून ओळखते. अजून तिच्या दंडात लोखंड आहे, महाराज. आज गाठ बदलली तर ते तिथेच राहील आणि ती जाईल."

"तर मग तिलाच आणा सोडायला," राजा म्हणाला.

भद्रिकाने दारावरच्या पहारेकऱ्यांच्या भाल्यांकडे पाहिले. त्याच्याबरोबर राजानेही पाहिले, आणि त्या भाल्यांमधून पोरीला आणण्याचा आग्रह सोडला. रीत मात्र राजालाही मोडता येत नव्हती. त्या दिवसापासून भद्रिक तटाबाहेर, नदीकाठच्या झोपडीत राहायला गेला. अकरा मुले त्याच्या मागोमाग गेली.

दुसऱ्या सकाळी तिष्येने गाठ चाचपली. मग ती तिथेच बसली आणि तिने दंड पुढे केला.

लोखंड निघाले. ताप आला, गेला. जखम भरायला तीन महिने लागले. एवढ्या काळात भद्रिकाशी नगरातले कुणी बोलले असेल तर ती मंदारिका. ती लांबच्या उंबराखाली भाकरी ठेवायची आणि तिथूनच ओरडायची, "खा हो वेळेवर! माझ्याच जिभेला हाड नाही मेलं!"

पुढे तह झाला. पलीकडून नातेवाईक होड्या घेऊन येऊ लागले. जाताना प्रत्येक मूल आपापली गाठ सोडून जाई, आणि त्याचा हात हलका होत जाई. झोपडीतला आवाजही कमी होत गेला. शेवटी तिष्येचा मामा आला. होडीतूनच त्याने हाक मारली, "तिष्ये! अगं तिष्ये!"

ती जी पळाली ती वळूनसुद्धा न बघता. मामाच्या गळ्यात पडली, हसली, रडली, काहीबाही सांगत सुटली. नावाड्याने होडी लोटली. मनगट पुढे करून भद्रिक काठावर उभाच राहिला.

मंदारिका उंबराखालून धावत आली. "अहो, विसरली की पोरगी! हाका मारा तिला!"

"नको."

"मग आता तुम्हीच सोडा. कोण बघतंय? हात दाखवा आणि घरी चला. मी साक्ष देते ना!"

"मंदारिकाबाई, रोज उठून ती ही गाठ बघायची. आज तिला आठवण राहिली नाही." तो होडीकडे बघत होता. "ती बरी झाली. याहून वेगळी खूण मला माहीत नाही."

पण शब्द तर तिला दिलेला होता. ती पुन्हा त्या काठाला आली नाही, आणि भद्रिक उरलेले आयुष्य तटाबाहेर राहिला. ओटा, घर, शेजार, सगळे हाकेच्या अंतरावर होते. पुढे आणखी लढाया झाल्या, आणखी मुले आली. त्यांच्यापुढे तो बांधायला उजवा हात धरी; डाव्यावर तिष्येची गाठ तशीच होती.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दृढसेन म्हणजे आज आपल्याला हे उपवन देणारा उपासक. आल्यागेल्याची विचारपूस केल्याशिवाय जिला घास गोड लागत नाही, ती दारातली उपासिका म्हणजे मंदारिका. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी ती अबोल भिक्षुणी म्हणजे तिष्या. आणि भद्रिक वैद्य तो मीच होतो." एका लहान जिवाला दिलेला शब्द त्याच्या पाठीमागेही पाळणे, यालाच सत्यपारमिता म्हणतात.