पाडसाची वानरबोली

करवंदीच्या दाट जाळ्या असलेल्या एका डोंगरउतारावर एक भेकरी आपल्या एकुलत्या एका पाडसाला घेऊन राहत असे. मुलांनो, भेकर दिसते हरणासारखेच, पण कळपात रमत नाही. खालच्या माळावर चितळांचा कळप होता आणि कळपाची शाळाही होती. तिथली पाडसे रांगेत उभी राहून एका सुरात शिकत. भेकरी मात्र आपल्या पाडसाला घरीच शिकवी. वारा कुठून येतो ते नाक वर करून कसे ओळखावे, कोणता पाला गोड आणि कोणता पोटात कळ आणणारा, चाहूल लागली की पाय न वाजवता जाळीत कसे शिरावे, हे सगळे तिनेच शिकवले होते आणि झकास शिकवले होते. चितळमावशी कधी म्हणाली, "अगं, चार पोरांत गेल्याशिवाय पोर शहाणं होतं का?" की भेकरी शांतपणे म्हणे, "विचारा ना त्याला काहीही." आणि पाडस खरोखरच पटापट उत्तरे देई. आपली चूक कुणी काढलेली भेकरीला मुळीच खपत नसे. चूक क्वचितच निघे, म्हणून तिचे चालून जात असे.

एक विषय मात्र अडला. उन्हाळा जवळ येत होता. वरचे झरे आटले की पाण्यासाठी घळीतल्या डोहावर उतरावे लागणार, आणि तिथे बिबट्याचा वावर. झाडी एवढी की चार पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि वारा असा गरगरतो की वासाचाही भरवसा नाही. बिबट्या आधी दिसे तो घळीच्या काठावरच्या उंबरावरील वानरांना, आणि ती ओरडत. पण वानरे कशाला ओरडत नाहीत, सांगा बरे. उंबरांवरून भांडली तरी ओरडतात, साप दिसला तरी ओरडतात, पोर फांदीवरून घसरले तरी ओरडतात. मागच्या उन्हाळ्यात भेकरी प्रत्येक ओरड्याला पळत सुटली होती आणि सारा उन्हाळा अर्धी तहानलेली राहिली होती. वाढत्या पाडसाला असे कोरड्या घशाने ठेवून कसे चालेल? त्याला वानरबोली यायलाच हवी होती. आणि भेकरीला तिचा एक शब्दही येत नव्हता.

भेकरीने शिक्षक बघायला सुरुवात केली. आधी आला भृंगराज. हा पक्षी नकलांत पटाईत. त्याचा अभ्यासक्रम म्हणजे नुसती धमाल. एकदा वानराची नक्कल, लगेच कोंबड्याची, मध्येच सुतारपक्ष्याची. पाडस हसून हसून लोळले. भेकरीने नाक मुरडले. "यात अभ्यास कुठं आहे?" असे म्हणून तिने त्याला वाटेला लावले.

मग ती उंबरावरच्या म्हाताऱ्या वानरआजीकडे गेली. आजी म्हणाली, "शिकवीन की. पण तूही शेजारी बसायचंस, आणि घरी दिवसभर त्याच्याशी याच बोलीत बोलायचंस."

"आजी, शिकायचंय त्याला," भेकरी म्हणाली. "या वयात मला कशाला तोंड वेडंवाकडं करायला लावता?"

"माझ्याकडं तो घटकाभर असणार. उरलेला दिवस कुणाशी बोलणार? करवंदीच्या जाळीशी?"

भेकरीला हे काही पटले नाही. तिला पटला तो पोपट. पोपटाचा अभ्यासक्रम कसा आखीव होता. रोज एक धडा, धडा पाठ झाला की पुढचा. "आणि आईला काही येण्याची गरज नाही," पोपट म्हणाला. हे वाक्य भेकरीला सगळ्यांत आवडले.

पाडस हुशारच. सारे धडे त्याने घडाघडा पाठ केले. चितळमावशीसमोर उभे राहून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवले. उंबर, फांदी, साप, भांडण, पडला, बिबट्या, पळा, सगळे वानरबोलीत. मावशीला बोटे असती तर तिने तोंडात घातली असती. भेकरीने मात्र त्यात विशेष काही नसल्यासारखा पाला चघळला.

उन्हाळा आला. दोघे डोहावर उतरली आणि पाण्याला तोंड लावणार, तोच वरून ओरडा झाला.

"काय म्हणताहेत रे?" भेकरीने ऐटीत विचारले.

पाडसाने डोळे मिटले. "उंबर… फांदी… साप…"

"अरे, लवकर सांग."

"मला पहिल्यापासून म्हणावं लागतं ना, आई. मध्ये बोललीस की पुन्हा…"

खडकामागे काहीतरी पिवळे हलले. मग काय विचारता, भेकरीने पाडसाला ढुशी देऊन पुढे घातले आणि दोघे काट्याकुट्यांतून जीव घेऊन पळाली. बिबट्याचा पंजा पाडसाच्या मांडीला ओझरता लागला, तेवढ्यावर निभावले.

जाळीत पोहोचल्यावर पाडस रडू लागले. "मला सगळं पाठ होतं गं."

"होतं रे राजा," भेकरी त्याची जखम चाटत म्हणाली. "पण त्या बोलीत तुझ्याशी कधी कुणी बोललंच नव्हतं. ते माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी ती पाडसाला घेऊन उंबराखाली जाऊन बसली. वानरआजीने सरळ शिकवायला घेतले. भेकरीची जीभ काही केल्या वळेना. तिने वानरबोलीत पाणी मागितले, ते निघाले शेपूट. फांदीवरची पोरे पोट धरून हसली आणि पाडसही हसले. "तसं नाही, आई. असं म्हण."

भेकरीचे कान तापले. "गप्प बस, मला शिकवतोस?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "बरं," ती म्हणाली, "पुन्हा सांग." आजवर बोललेल्या सगळ्या वाक्यांत हे तिला सर्वांत जड गेले.

पुढे मात्र तिला त्याची सवय झाली. पाला खाताना वानरबोली, खेळताना वानरबोली, रागावतानासुद्धा वानरबोली, आणि रागावतानाच जास्त चुका. मग राग राहायचा बाजूला आणि पाडस तिला शब्द सुधारून द्यायचे. ते भराभर पुढे गेले, ती मागून रखडत आली. तोवर पाण्याचे तंत्र जुनेच होते, घोटभर प्यायचे आणि पळायचे. एकदा वरून जाताना पोपटाने विचारले, "काय भेकरीबाई, अजून पहिल्याच धड्यावर?" भेकरी म्हणाली, "हो. आणि मजेत आहे."

ऐन उन्हाळ्यात घसे कोरडे पडले, तशी दोघे पुन्हा डोहावर उतरली. वर ओरडा झाला. पाडसाने मानही वर केली नाही. "पोरं भांडताहेत उंबरांवरून," ते म्हणाले आणि पीत राहिले. भेकरीही पोटभर प्यायली, उन्हाळा लागल्यापासून पहिल्यांदाच.

मग दुसरी हाक आली. बिबट्या, एवढे भेकरीला कळले. ती झटकन वळली आणि आल्या वाटेने निघाली. ती वाट तिच्या पायाखालची होती, तिच्याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती.

"आई, तिकडं नाही," पाडस म्हणाले. "वाटेवरच बसलाय म्हणताहेत. पाण्यातून चल."

पूर्वीची भेकरी असती तर तिथेच हुज्जत घालत उभी राहिली असती. ही भेकरी "बरं" म्हणाली आणि पाडसाच्या मागोमाग तिने डोहात उडी घेतली. दोघे पलीकडच्या काठाला लागली तेव्हा वाटेवरच्या गवतातून बिबट्या उठला, नुसताच बघत राहिला आणि जांभई देऊन निघून गेला.

"हाक कुणी ओळखली?" वरून वानरआजीने विचारले.

"त्यानं," भेकरी धापा टाकत वानरबोलीत म्हणाली. "मी फक्त त्याचं ऐकलं."

एवढ्या लहान वाक्यातही तिची एक चूक झालीच. पाडसाने ती लगेच सुधारली, आणि भेकरीने सगळ्या वानरांदेखत ते वाक्य पुन्हा नीट म्हटले.

मुलांनो, पुढची ओळ घरातल्या मोठ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.

तात्पर्य : लेकराला नवी भाषा शिकवायची असेल तर अभ्यासक्रम कोणताही आणा, पण त्याच्या शेजारी बसून आपणही शिका, म्हणजे त्याला बोलायला कुणीतरी मिळते आणि आपल्याला त्याचे ऐकायची सवय लागते.