नसीमा आपा आणि दुपारभरात झालेला प्रोग्राम

"...मग आपा, आता माणसानं कोड लिहायचाच कशाला?"

श्रेणिक चौगुलेनं पाठीवरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती.

नसीमा मुजावरांना मिरजेत सगळे आपाच म्हणत. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था... हयातभर त्यांनी अशांसाठी प्रोग्राम लिहिले. आता माडीवर मुलांना शिकवत. श्रेणिक त्यांचाच विद्यार्थी. पुण्याची नोकरी सोडून त्यानं गावात कंपनी काढली होती आणि पहिलंच काम मिळालं होतं मगदूम अण्णांचं. अण्णा औषधांचे होलसेल व्यापारी. आसपासच्या दवाखान्यांना माल त्यांच्याकडून जाई.

"सहा महिन्यांचं काम होतं, आपा! कोड लिहिणाऱ्या एआय टूलला साध्या मराठीत सांगितलं काय हवं ते. जेवून आलो तर निम्मं तयार. दिवेलागणीला सगळं. उद्या लावायचंय."

"दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. ऑर्डरी, साठा, बिलं. मुदत संपत आलेली औषधं आपोआप लाल होत होती.

आपांनी चक्क टाळी वाजवली.

"वा रे वा! या लाल रंगापायी माझा अख्खा एक उन्हाळा गेला होता."

श्रेणिक गोंधळला. तो भांडायच्या तयारीनं आला होता.

"आणि चुका?" आपांनी विचारलं.

"तपासण्या आहेत ना. ढीगभर. सगळ्या हिरव्या."

"त्या कुणी लिहिल्या?"

"त्यानंच."

"म्हणजे पेपर त्यानं काढला, सोडवला त्यानं, आणि मार्कही त्यानंच दिले."

"पास झाला ना पण!"

दोघंही हसले.

"एक ऑर्डर टाक," आपा म्हणाल्या. "सर्पदंशाची लस. साठ्यात वीस बाटल्या. शहरातलं मोठं हॉस्पिटल तीस मागतंय. खेड्यातला छोटा दवाखाना दहा."

त्यानं टाकली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. वीसच्या वीस मोठ्या हॉस्पिटलला. छोट्याला शून्य.

"ज्याची ऑर्डर आधी, त्याला आधी," श्रेणिक म्हणाला. "बरोबर आहे."

"हा वाटपाचा भाग पुसू?"

"खुशाल पुसा! परत बनतो."

आपांनी खरंच पुसला.

श्रेणिकनं लॅपटॉप ओढून घ्यायला हात पुढं केला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. हेच तर दाखवायला तो आला होता! कालचंच वाक्य त्यानं पुन्हा टूलला दिलं. कानामात्रा न बदलता. कपातला चहा निवायच्या आत नवा भाग तयार झाला. तपासण्या पुन्हा हिरव्या.

"तीच ऑर्डर टाक."

मोठ्या हॉस्पिटलला पंधरा. छोट्याला पाच.

"आधी वेगळं आलं होतं," श्रेणिक हळूच म्हणाला.

"हो."

"दोन्ही वेळा हिरवं."

"हो."

त्यानं टूललाच कारण विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं: आधी येईल त्याला आधी, किंवा मागणीच्या प्रमाणात; दोन्ही पद्धती व्यवहारात वापरतात. तुम्हाला यांतली कोणती हवी आहे?

आपा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. डोळे लकाकत होते.

"बघ, बघ! किती शहाणं आहे. तुला विचारतंय!"

"मला कुठं माहितीये?"

"मग ते त्याला कसं कळणार?"

श्रेणिकनं अण्णांना फोन लावला. प्रश्न ऐकून अण्णा फोनवर थांबलेच नाहीत, स्कूटर काढून थेट माडीवर आले.

"पाचात काय होतंय?" आल्या आल्या ते म्हणाले. "विष चढलेल्या माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. मागितल्याच्या अर्ध्या-अर्ध्या वाटल्या तर तिकडचा जाईल की!"

"मग तुम्ही कसं ठरवता?"

"फोन करतो. आत्ता पेशंट आहे का विचारतो. मोठे दवाखाने बऱ्याचदा साठ्यासाठी मागतात."

"आणि तुम्ही दुकानात नसाल तर?"

"मग पोरं... जी ऑर्डर वर असेल, तिला देतात." अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. "अरे, हे मला आजवर सुचलंच नाही की."

मग जो वाद रंगला! मोठ्याला द्यावं, छोट्याला द्यावं, थोडं राखून ठेवावं. अण्णा हातवारे करत होते, श्रेणिक फळ्यावर लिहीत होता, पुसत होता. आपा मधूनच "आणि फोन लागला नाही तर?" एवढंच विचारत आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून भांडत.

शेवटी ठरलं. जीव वाचवणारं औषध कमी पडलं, तर प्रोग्रामनं काहीही ठरवायचं नाही. थांबायचं. आणि अण्णा, अण्णांचा मुलगा, दोन्हीकडचे डॉक्टर, सगळ्यांचे फोन एकदम वाजवायचे. कुणीतरी माणूस उत्तर देईपर्यंत वाजवत राहायचे.

श्रेणिकनं टूलला सांगितलं. काही मिनिटांत चौघांच्या नावांसकट बांधून तयार. त्यानं तीच ऑर्डर पुन्हा टाकली.

अण्णांच्या खिशातला फोन खणाणला, तसे ते दचकून उठले.

"झालं पण?"

"झालं!" श्रेणिक जवळजवळ ओरडला. येताना होता त्याहून तो जास्त खूश होता, आणि का, ते त्याला नीट सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम लागला नाही. श्रेणिक दवाखाने हिंडायला निघाला. डॉक्टरांना विचारलं, नर्सना विचारलं, माल पोचवणाऱ्या टेंपोवाल्यांना विचारलं. रोज काहीतरी नवं हाती लागे. लस थंड न ठेवता नेली तर? दवाखान्याचा नंबरच बदलला तर? तो रात्री टूलला सांगे, टूल लगेच करून देई, आणि सकाळी तो पुन्हा बाहेर. टाइप करण्यात जाणारा वेळ आता विचारण्यात जात होता.

महिन्याभरानं प्रोग्राम लागला.

आणि पावसाळा सरता सरता एका दुपारी श्रेणिक माडीचा जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आला. हातात पेढ्यांचा पुडा. धाप लागलेली.

"आपा! वाचली!"

"कोण?"

"बेडगकडची मुलगी. उसात पान लागलं तिला. घोणस चावली. छोट्या दवाखान्यात लस कमी होती, त्यांनी ऑर्डर टाकली. त्याच वेळी मोठ्या हॉस्पिटलचीही ऑर्डर होती, आणि अण्णांकडं दोघांना पुरेल एवढी लस नव्हती. प्रोग्राम थांबला, आपा! सगळ्यांचे फोन वाजले. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर स्वतः म्हणाले, आमची साठ्यासाठी आहे, तिकडं पाठवा आधी. अण्णांचा मुलगा खोकं घेऊन बुलेटवरनं... आज ती उठून बसलीये. भाकरी मागतेय!"

आपांनी डोळ्यांना पदर लावला. मग पुडा उघडून आधी पेढा त्याच्या तोंडात घातला.

तो पेढा गिळत, हसत, बोलतच होता. "आता काही शंका नाही, आपा. अण्णांना विचारलं. डॉक्टरांना विचारलं. नर्स, टेंपोवाले... कुणी म्हणून सोडलं नाही. आता फक्त उरलेल्या जिल्ह्यात लावत सुटायचं. विचारायचं राहिलं असं कुणी आहे का?"

आपांनी स्वतःसाठी एक पेढा उचलला.

"साप राहिला. कुठं, कधी चावणार, ते त्याला कुणी विचारलंय?"