वाकमान गल्ली

राजा चंडविक्रमाला एका सकाळी आपल्याच शहरातल्या गल्ल्यांच्या नावांची लाज वाटली! शहर कालव्यांचं, रस्ते पाण्याचे, आणि नावं कसली? चिखलघाट, शेवाळबोळ, वाकमान गल्ली! लगेच नवी नावं काढायला पंडित बसले. चिखलघाटाचा रत्नमार्ग झाला. चिखल तिथेच राहिला. त्याला संस्कृत कुठलं कळायला! वाकमान गल्लीवर पाटी लागली, 'उन्नतमस्तक मार्ग'.

त्या गल्लीतला पूल फार ठेंगणा. नावाडी लांबूनच गल्लीचं नाव पुकारत, आणि होडीतली माणसं वाकत. नव्या पाटीला भुलून एक परगावचा व्यापारी ताठ उभा राहिला. त्याला खाली ओढायला सावळा नावाचा नावाडी उठला. व्यापारी वाचला. कमानीचा दगड सावळाच्या कपाळात बसला.

दहावा उरकला आणि सावळाचा धाकटा भाऊ गेनू तडक दरबारात शिरला.

"जुनं नाव परत द्या! त्यानं माणसं जगत होती."

राजा फिसकन हसला. "नावाला काय हात असतात, माणसं वाचवायला?"

"तुमच्या पंडितांच्या नावाला होते की! त्याच हातांनी माझ्या भावाला मारलं."

राजा लालबुंद झाला. "ऐक रे! मी देवळातसुद्धा मान वाकवत नाही. उद्या नव्या नावाची मिरवणूक आहे. तुझ्या गावंढळ नावानं मला वाकवून दाखव, नाव परत! नाहीतर तुझ्या होडीचं सरपण करीन. आणि हात लावायचा नाही!"

"बोटही लावणार नाही. फक्त होडी मी वल्हवणार."

दुसऱ्या दिवशी राजा होडीत उभा, डोक्यावर छत्र, नजर काठावरच्या गर्दीवर. जन्मभर पालखीत फिरलेला, ही गल्ली त्याने कधी पाहिलीच नव्हती. पूल जवळ येताच प्रधानजी गुपचूप तळाशी आडवे झाले. पण 'महाराज, वाका' म्हणायची छाती कुणाची!

गेनूच्या मनात आलं, आपणही गप्प बसावं. मग त्याला सावळा आठवला. भावाच्याच आवाजात तो ओरडला, "वाकमाऽऽन!"

राजा असा वाकला, की नाक गुडघ्याला लागलं! वर छत्र कडाडकन मोडलं.

"पुलामुळे वाकलो मी!" राजा गुरगुरला. "नावामुळे नव्हे!"

"पूल तर कधीचा समोर होता, महाराज! तुमची पाटीही होती. तुम्ही ताठच. वाकलात कधी? मी नाव घेतल्यावर!"

राजाने मोडका दांडा पाहिला, आडवे प्रधानजी पाहिले, आणि पोट धरून हसू लागला. "उठा, प्रधानजी! तुम्हाला जुनं नाव पाठ दिसतंय!" त्याने हातातलं सोन्याचं कडं काढलं.

"कडं राहू द्या," गेनू म्हणाला. "पाटी द्या. आणि ती ठोकायला पंडितांना पाण्यात उतरवा."

संध्याकाळी सगळे पंडित कमरेइतक्या पाण्यात उभे राहून 'वाकमान गल्ली' ठोकत होते. शेवटचा खिळा मात्र गेनूने स्वतः मारला.