सखाहरीने प्रोग्राम बंद केले

कासारखेड गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. ‘भोळा’ हा शब्द गावाने माणुसकी म्हणून वापरला होता. त्याहून नेमका शब्द लोकांना माहीत होता, पण तो सखाहरीच्या आईसमोर कोणी काढत नसे.

सखाहरी गावातल्या मंगल कार्यालयात कामाला होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. त्याच्यात दोष असा तेवढाच.

कार्यालयात एक कॉम्प्युटर होता. तो पावत्या छापायचा आणि मुहूर्तावर सनई वाजवायचा. म्हणजे वाजवेल अशी सगळ्यांची समजूत होती. बटण दाबलं की तो घरघरायचा, पडद्यावर एक गोल फिरत बसायचा, आणि तोवर इकडे अंतरपाट निघून हार पडलेले असायचे. सनई निघायची ती पहिली पंगत मठ्ठ्यापर्यंत आल्यावर.

अशात साहेबांच्या मुलीचं, बेबीताईचं लग्न आठवड्यावर आलं. साहेब म्हणजे कार्यालयाचे मालक. त्यांनी सखाहरीला बोलावलं.

“बेबीच्या लग्नात सनई मुहूर्तालाच वाजली पाहिजे. कॉम्प्युटर सुरू व्हायला एवढा वेळ का घेतो ते इरफानला विचार. तो सांगेल तसं कर.”

“तसंच करतो,” सखाहरी म्हणाला. इथून सगळं सुरू झालं.

इरफान तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हाताशी कामं फार, म्हणून तो निम्मी दुरुस्ती फोनवरच करत असे.

“त्याच्यावर लोड फार झालाय, सखाहरीभाऊ,” तो म्हणाला. “लोड कमी करा.”

सखाहरीने बघितलं. खरंच होतं. कॉम्प्युटरवर गणपती होता, अक्षतांचा डबा होता, क्रोशाचा रुमाल होता आणि कोणाच्या तरी लग्नात राहिलेला फेटा होता. त्याने सगळं उतरवलं. कॉम्प्युटर तेवढाच वेळ घेऊन सुरू झाला.

“अहो, वरचा लोड नव्हे,” इरफान फोनवर म्हणाला. “लोड आत असतो. वर काय दिसतं त्याच्याकडे बघायचंच नाही.”

सखाहरीने हे मनात पक्कं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बेबीताईच्या लग्नाचा तांदूळ घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, “लोड उतरवून घ्या. मी चहा मारून येतो.”

सखाहरीने मागच्या पोत्यांकडे पाहिलं. ती वर दिसत होती, म्हणून त्याने मान फिरवली. मग पुढचं दार उघडून आत शिरला आणि मन लावून कामाला लागला. साहेब आले तेव्हा टेम्पोची सीट मांडवात होती. तिच्याशेजारी जॅक, स्पीकर, ड्रायव्हरचा जेवणाचा डबा आणि त्याच्या कुलदैवताची तसबीर नीट ओळीने मांडलेली होती. तांदूळ टेम्पोत होता.

“हे काय केलंस?”

“आतला लोड काढला, साहेब. वरच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. सखाहरीला वाटलं, त्यांचं डोकं दुखत असावं. आजकाल त्यांचं डोकं वरचेवर दुखायचं.

कॉम्प्युटर होता तसाच होता. सखाहरीने पुन्हा फोन लावला.

“बंद करून परत चालू करा,” इरफान म्हणाला. त्याच्या धंद्यातलं सगळं शहाणपण या वाक्यात होतं. “अडकला असं वाटलं की बंद करायचं, जरा थांबायचं, परत चालू करायचं.”

सखाहरीने कॉम्प्युटर चालू केला. गोल फिरायला लागला. अडकला असं वाटलं. त्याने बंद केला, जरा थांबला, परत चालू केला. गोल फिरायला लागला. असं संध्याकाळपर्यंत चाललं. त्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही पूर्ण सुरू झाला नाही, पण सखाहरी एकदाही चुकला नाही.

तो कॉम्प्युटरपाशी बसला होता तेव्हा बाहेर एक लग्न लागून जेवणं चालली होती. नवरानवरी एकमेकांना घास भरवणार होते. बायका म्हणाल्या, आधी नाव घे. नवरीने जिलबी हातात धरून उखाणा सुरू केला, “चांदीच्या ताटात रुप्याची वाटी,” आणि पुढचं विसरली. परत म्हणाली, “चांदीच्या ताटात रुप्याची वाटी.” परत थांबली.

सखाहरीने दारातून हे ऐकलं. अडकली, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो उठला आणि त्याने कार्यालयाचा मेन स्विच खाली ओढला.

बिनखिडक्यांच्या त्या जेवणघरात काळोख झाला. भांडी पडली. कोणी तरी कोणाच्या तरी पायावर पाय दिला. सखाहरी ठरल्याप्रमाणे जरा थांबला आणि त्याने स्विच वर केला. उजेड आला तेव्हा नवरीच्या हातातली जिलबी भटजींच्या तोंडात होती आणि नवऱ्याची आई कढीत बसली होती.

या वेळी साहेब शांतपणे बोलले. फार संतापले की ते शांत होत.

“सखाहरी, नीट ऐक. चालू असलेलं काही मधेच बंद करायचं नाही. जे काय बंद करायचं असेल ते सुरू व्हायच्या आधी करावं. समजलं?”

“समजलं, साहेब.”

खरोखरच समजलं होतं. तीच तर अडचण होती.

लग्न उद्यावर आलं. साहेबांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. कधी आचारी, कधी फुलवाला, कधी रुसलेला मेहुणा. कॉम्प्युटरबद्दल त्यांना विचारायची सोय नव्हती. सखाहरीने इरफानलाच गाठलं.

“आता शेवटचं सांगतो,” इरफान म्हणाला. “तो चालू होताना मागच्या मागे ढीगभर प्रोग्राम सुरू व्हायला बघतात. सगळे एकदम दारात गर्दी करतात, म्हणून वेळ लागतो. ते आधीच बंद करून टाका.”

“सगळे?”

“सगळे कसे? नाव ओळखीचं असेल तो राहू दे. अनोळखी नाव दिसलं की बंद.”

फोन ठेवल्यावर सखाहरी बराच वेळ आदराने बसून राहिला. साहेब म्हणाले, सुरू व्हायच्या आधी बंद करावं. इरफानही तेच म्हणाला. दोन शहाणी माणसं प्रथमच एकसारखं बोलली होती.

मग तो उठून फळ्यासमोर उभा राहिला. कार्यालयातले पुढचे सगळे प्रोग्राम त्या फळ्यावर लिहिलेले असत, खाली पाहुण्यांचे फोन नंबर. पहिलीच तारीख उद्याची. तिच्यापुढे सखाहरीला ‘बेबीताईचं लग्न’ असं कुठेच दिसेना. तिथे लिहिलं होतं, ‘वैदेही दिगंबर ढमाले आणि समीर जयवंत रणपिसे’.

सखाहरीने ओळ पुन्हा वाचली. साहेबांच्या लेकीचं लग्न, कार्यालय साहेबांचं, आणि नेमक्या त्याच तारखेला कोणी तरी ढमाले येऊन बसले होते. वैदेही कोण, त्याला ठाऊक नव्हतं. दिगंबर ढमाले हे नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबांना हे कळलं तर पुन्हा डोकं धरून बसतील. त्याला त्यांची कीव आली. त्याने त्या ओळीखालचा नंबर फिरवला.

“हॅलो, मी कार्यालयातून बोलतोय. तुमचा उद्याचा प्रोग्राम बंद केलाय.”

पलीकडे जयवंतराव रणपिसे होते. “बंद केलाय म्हणजे काय? उद्या लग्न आहे आमच्या मुलाचं.”

“ते होणार नाही. उद्या इथं आमच्या साहेबांच्या मुलीचं लग्न आहे.”

“अहो, तेच तर.”

“तेच नाही. तुमचं वेगळं. साहेबांच्या मुलीचं आधी ठरलंय. मुलगा चांगला आहे म्हणतात.”

मग रणपिसे अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे तुमच्या साहेबांना माहीत आहे?”

“माहीत आहे तर. महिनाभर तयारी चाललीय. मांडवसुद्धा घातलाय.”

रणपिसे मानी गृहस्थ होते. मानी माणूस खात्री करून घेत नाही, तो फोन आपटतो. सखाहरीने फळ्यावरची ओळ ओल्या फडक्याने पुसली आणि तिथे सुंदर अक्षरात लिहिलं, ‘बेबीताईचं लग्न’. मग बाकीच्या अनोळखी नावांना फोन करत बसला. सीझन भरगच्च होता. संध्याकाळपर्यंत फळा चांगला हलका झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी इरफान जेवायला म्हणून आला. आलाच आहे तर म्हणून कॉम्प्युटरपुढे बसला, काही तरी टकटक केलं, आणि बटण दाबताच कॉम्प्युटर सुरू झाला. ऐन मुहूर्तावर सनई वाजायला लागली. साहेबांच्या बाजूचं सगळं गोत अक्षता मुठीत धरून उभं होतं. बेबीताई शालू नेसून बोहल्यावर उभी होती. समोर पाट होता. पाटावर कोणी नव्हतं.

साहेब रणपिशांना पुन्हा पुन्हा फोन लावत होते. पलीकडून कोणी उचलत नव्हतं. इरफान पडद्याकडे बघत म्हणाला, “सखाहरीभाऊ, मी सांगितलेले प्रोग्राम तुम्ही बंद केलेच नव्हते की. इथे सगळे होते तसेच होते. आता मी काढले.”

“केले की,” सखाहरी म्हणाला. “फळ्यावरचे. सगळ्यांना फोन करून.”

साहेबांनी फोन खाली घेतला. ते फळ्याकडे बघत राहिले. मग फार शांतपणे म्हणाले, “सखाहरी, आजच्या तारखेला कोणाचं लग्न बंद केलंस?”

“तुमच्या कानावर घालणारच नव्हतो, साहेब, उगीच त्रास नको म्हणून. कोणी तरी दिगंबर ढमाले होते. स्वतःच्या मुलीचं लग्न बेबीताईच्याच तारखेला घुसवलं होतं त्यांनी. मी काढून टाकलं.”

“दिगंबर ढमाले मी आहे.”

सखाहरीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सगळ्यांसमोर त्यांची चूक दाखवणं त्याला बरं वाटेना, म्हणून तो जवळ गेला आणि हळूच म्हणाला,

“तुम्ही साहेब.”