देवाच्या उशाशी मोबाईल

एकदा एका देवळात पहाटे शेजघराचे दार उघडले, तेव्हा देवाच्या उशाशी मोबाईल आढळला.

देऊळ लक्ष्मीनारायणाचे, एका लहानशा गावात, नदीच्या वळणावर. तेथील रीत अशी की, रात्री शेजारती झाल्यावर देवाची छोटी पितळी मूर्ती शेजघरातील पलंगावर निजवायची, अंगावर दुलई घालायची, उशाशी पाण्याचा तांब्या आणि विडा ठेवायचा व दाराला कुलूप लावायचे. पहाटे पुजाऱ्याने कुलूप काढावे, भूपाळी म्हणावी आणि काकडा, म्हणजे तुपात भिजवलेल्या कापडाची जाड वात, पेटवून ओवाळावा. मग देव जागा होई. या रीतीत कधी खंड पडला नव्हता आणि तिच्यात कोणी पदरची भरही घातली नव्हती. त्या पहाटे मात्र तांब्याच्या शेजारी एका छोट्या आधारावर तिरपा उभा केलेला, भिंतीतल्या वायरीला जोडलेला मोबाईल होता, आणि त्याच्यावरचे मोठे पांढरे आकडे निजलेल्या देवाच्या मुखावर उजेड पाडीत होते.

काकड आरती कधीही न चुकवणाऱ्या मथूताई प्रथम बोलल्या.

"अगं बाई! हा कोणाचा?"

"देवाचाच असणार," पेठेतील धान्याचे व्यापारी दामूशेट म्हणाले. "नंबर घेऊन ठेवा, ताई. उपयोगी पडेल."

"चेष्टा पुरे. सोवळ्यात चालतो का हा, ते विचारतेय मी."

"चार्ज होतोय, म्हणजे चालतच असणार."

मथूताईंनी दामूशेटांकडे पाहायचेदेखील टाळले. वस्तू तर देवाजवळची. तिला नमस्कार करावा की ती बाहेर काढायला सांगावी, हेच त्यांना उमगेना. "गुरुजींनी ठेवलाय ना, मग असेल काहीतरी," असे पुटपुटत अखेरीस त्यांनी त्याच्यावर एक तुळशीचे पान वाहिले. पान काचेवरून घसरले व तांब्यावर पडले. त्या आणखीच बुचकळ्यात पडल्या.

या गडबडीत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. हातात काकडा घेऊन उभ्या असलेल्या शिष्याने त्या दिवशी सगळी भूपाळी एकही शब्द न गाळता म्हटली होती. आणि सर्वांत अधिक गोंधळलेला होता तोच. कारण मोबाईल त्याचा होता, तेथे ठेवला होता तोही त्यानेच, आणि का ठेवला ते मात्र त्याला ठाऊक नव्हते.

या शिष्याचे नाव पुरुषोत्तम. पाठशाळेतील शिक्षण पुरे करून तो देवळाच्या वृद्ध पुजाऱ्यांच्या हाताखाली राहिला होता. गुरुजींचे वय झाले होते. येत्या अक्षय्य तृतीयेला शेजघराची किल्ली पुरुषोत्तमाच्या स्वाधीन करावी, असे त्यांनी ठरवले व तसे त्याला सांगितलेही. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे पहाट. ऐकल्या क्षणापासून मुलाने धसका घेतला. आपल्याला जाग आली नाही तर? आपल्या आळसामुळे प्रत्यक्ष देव निजून राहिला तर?

तेव्हापासून त्याचा मोबाईल त्याच्या उशाशी उभा राहू लागला. रात्री तो चार्जिंगला लावायचाच असे. चार्जिंगला असताना आडवा करून टेकवून ठेवला की त्याचे आपोआप घड्याळ होई, हे पुरुषोत्तमाला फार सोयीचे वाटले. गजरही लावलेला असे. तरीसुद्धा डोळा लागतो न लागतो तोच उघडे, आणि आकडे समोरच असत. किती झाले, किती उरले, एवढ्यात पुन्हा झोप लागली तर किती मिळेल, अशी वजाबाकी मनात सुरू होई. आणि ज्याचे मन वजाबाकीला बसले, त्याला निद्रा कोठली? घड्याळाखाली बॅटरीचा आकडाही दिसे. तो मात्र निमूटपणे वाढत जाई. सकाळी मोबाईल काठोकाठ भरलेला असे आणि पुरुषोत्तम रिता.

त्याला उशीर एकदाही झाला नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु भूपाळीची कडवी गळू लागली. तीर्थ भक्तांच्या तळहाताऐवजी मनगटावर पडू लागले. आणि एके पहाटे उभ्या उभ्या डुलकी लागून त्याच्या हातातला काकडा कलला, ठिणगी देवाच्या रेशमी उपरण्यावर पडली व काठ करपला. गुरुजींनी ती दोन बोटांनी विझवली. ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे पुरुषोत्तमाला वाटले.

दुपारी त्याने आपली पिशवी भरली आणि तो गुरुजींसमोर येऊन उभा राहिला. गुरुजी देवाच्या विड्यासाठी सुपारी कातरीत बसले होते.

"गुरुजी, किल्ली दुसऱ्या कोणाला तरी द्या. माझ्याच्याने हे व्हायचे नाही. मी उद्या गावी जातो."

"जा," गुरुजी म्हणाले. "फक्त आजच्या रात्रीपुरता तुझा मोबाईल दे."

"मोबाईल? तुम्हाला?"

"मला नको. देवाच्या उशाशी ठेवायचा आहे."

पुरुषोत्तमाला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक होते आहे. "देवाच्या?"

"वायरही आण. आणि तो उभा करायचे ते जे काय असते, तेसुद्धा."

"पण मग मी उठणार कसा?"

"मी उठवीन की."

वयोमानाने गुरुजींना भ्रम तर होऊ लागला नाही ना, अशी शंका पुरुषोत्तमाच्या मनाला चाटून गेली, आणि ती आल्याबद्दल त्याने लगेच मनातल्या मनात क्षमाही मागितली. शेजारतीनंतर गुरुजींनी त्याच्याकडूनच मोबाईल पलंगाशी ठेवून घेतला. "जरा जवळ घे. आकडे देवाला पडल्या पडल्या दिसले पाहिजेत. तू स्वतःसाठी ठेवतोस अगदी तस्सा," असे ते म्हणत राहिले, आणि तो ठेवत राहिला.

आपल्या अंथरुणावर पडल्यावर पुरुषोत्तमाने सवयीने मान वळवली. तेथे नुसता अंधार होता. पाहण्यासारखे काही नव्हते, वजा करण्यासारखे काही नव्हते. त्यानंतरचे त्याला आठवले ते एवढेच, की खांद्यावर एक हात आला आणि आवाज आला, "पुरुषोत्तमा, ऊठ बाळ."

मग शेजघर उघडले आणि जे झाले ते वर सांगितलेच आहे.

आरती आटोपली, मंडळी कुजबुजत पांगली. गुरुजी सभामंडपाच्या पायरीवर टेकले.

"काय दिसले?"

"गुरुजी, रागावू नका, पण फार विपरीत दिसले," पुरुषोत्तम म्हणाला. "देव दुलई घेऊन निजलेला, आणि डोळ्यांसमोर आकडे पळताहेत. त्याला घड्याळ कशाला हवे? आपण आहोत ना त्याला उठवायला!"

"देवाच्या उशाशी तुला ते एका पहाटेत विपरीत दिसले. स्वतःच्या उशाशी इतके दिवस दिसले नव्हते. म्हणून तेथे ठेवावे लागले."

समजले असे पुरुषोत्तमाला वाटले, आणि नेमके काय समजले ते सांगता येईना. त्याची ती मुद्रा पाहून गुरुजी पुढे म्हणाले,

"अरे, ज्याने सूर्याला वेळ नेमून दिली, तो आपल्या शेजेवर घड्याळ ठेवीत नाही. का? उद्या पहाटे कोणीतरी येईल आणि दार उघडील, एवढ्या भरवशावर तो कुलपाआड निजतो. निद्रा म्हणजे नुसते डोळे मिटणे नव्हे. आपल्याला जागे करण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे, याचे नाव निद्रा. तू अंथरुणावर पडत होतास, पण ते काम कोणाच्याही हाती देत नव्हतास. गजर लावला होतास ना?"

"रोज लावत होतो."

"मग आकडे कशासाठी पाहत होतास?"

"गजर झालाच नाही तर, म्हणून."

"म्हणजे त्याने तुला उठवायचे, आणि तो उठवतो की नाही हे पाहण्यासाठी तू रात्रभर जागायचे. पहारेकऱ्यावर पहारा! यात त्या बिचाऱ्या यंत्राचा अपराध कोणता? ते आपले मुकाट्याने पोट भरीत होते. गजर लाव, त्याचे तोंड भिंतीकडे कर आणि पाठ फिरव. सोपवले म्हणजे सोपवले."

नदीवर उजाडू लागले होते. पुरुषोत्तमाने सहज विचारले,

"गुरुजी, तुम्हाला कोण उठवते?"

या प्रश्नाची गुरुजींनी तयारी केली नव्हती. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले.

"आधी माझे गुरुजी उठवीत. मग घरात ही उठवीत असे. ती गेली, तेव्हापासून एक कान उघडा ठेवून निजतो." ते पुढे म्हणाले, "तुला मी जे सांगितले ना, ते मला पाठ आहे. साधत मात्र नाही. देवाला उठवायला गावात कोणीही मिळेल रे. मला उठवायला कोण येणार? किल्ली तुला देतो आहे ती देवाच्या दाराची. पण द्यायची घाई झाली आहे ती मला, एकदा दोन्ही कान मिटून निजता यावे म्हणून."

पुरुषोत्तम आत गेला आणि त्याने पिशवीतील धोतर पुन्हा दोरीवर टाकले.

अक्षय्य तृतीयेच्या पहाटे ओवरीच्या कोनाड्यात, भिंतीकडे तोंड करून चार्ज होत असलेल्या मोबाईलचा गजर वाजला. पुरुषोत्तमाने तो बंद केला, स्नान केले, कमरेला किल्ली खोचली आणि तो गुरुजींच्या खोलीशी आला. दारातच त्याचे पाऊल अडखळले. गुरुजी गाढ झोपले होते. गालाखाली तळहात, तोंड किंचित उघडे, एखाद्या लहान मुलासारखे. त्यांना झोपलेले त्याने आजवर कधी पाहिलेच नव्हते. हाक कोणत्या शब्दांनी मारावी, हे त्याला कळेना. 'ऊठ बाळ' म्हणता येणार नव्हते. खांद्याला हात लावण्याचे धैर्य होईना. अखेर जे येत होते तेच त्याने केले. हात जोडून, अगदी हलक्या आवाजात, त्याने देवासाठी राखलेली भूपाळी तेथेच म्हणायला आरंभ केला.

पहिले कडवे संपता संपता गुरुजींनी डोळे उघडले. आपण कोठे आहोत हे त्यांना क्षणभर उमजले नाही.

"किती वाजले रे?"

"आकडा मी पाहिला नाही, गुरुजी," पुरुषोत्तम म्हणाला. "उठायची वेळ झाली आहे."

आपल्या घरात कोणी 'सकाळी मला उठव' असे सांगितले, तर त्याला 'गजर लाव' असे उत्तर देऊ नये.