चकाकती पाठ

माणसांनी या डोंगरात पाऊल ठेवलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका उंबरावर वानरींची टोळी राहायची. रोज दुपारी सगळ्या एकीमागे एक बसत आणि एकमेकींच्या पाठीवरचे गोचीड वेचत. आपला हात आपल्याच पाठीला पोचत नाही, एवढं साधं कारण. सुखदुःखाच्या गोष्टीही तेव्हाच व्हायच्या.

एकदा कावळा चोचीत डिंक घेऊन आला आणि भुरी नावाच्या वानरीला म्हणाला, "पलीकडच्या रानात सगळ्याजणी हाच लावतात. अंग कसं चकाकतं! हुप्प्या तुझ्याकडे बघत नाही, तो उगाच का?" हुप्प्या म्हणजे टोळीतला एकुलता नर; तो तर उंबरांखेरीज कशाकडेच बघत नसे. तरी भुरीने पिकली उंबरं देऊन डिंक घेतला. मग तिच्या थोरल्या बहिणीने घेतला, मैत्रीण पिंगीने घेतला, मग सगळ्यांनीच. बोट लागलं की चमक जायची, म्हणून जी ती वेगळ्या फांदीवर बसू लागली.

एका सकाळी पिंगी झाडाखाली मरून पडलेली दिसली. पडताना डिंक तडकला होता आणि भेगांतून टम्म फुगलेले गोचीड बाहेर येत होते.

"मेली, तरी बघा कशी चकाकतेय!" म्हणत कावळा तिच्यापाशी उतरला.

भुरीच्याही पाठीवर काहीतरी वळवळत होतं. "ताई, माझी पाठ बघतेस का?" असं ती म्हणणार, तोच कावळ्याने मान वर केली. भुरीने पाठ उन्हात चकाकेल अशी ताठ केली.

समोरच्या फांदीवरून ताई तिच्याकडे बघून हसली. हसता हसता ती आपली पाठ हळूच खोडावर घासत होती.