बागवानाची काठी

डोंगरात वाघाचा धाक होता, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका गावात मालू नावाचा गुराखी होता. पावसाळ्यात नवं गवत दाट यावं म्हणून एका दुपारी त्यानं माळावरचं वाळलेलं गवत पेटवलं. वारा फिरला. आग उतारानं खाली धावली आणि तिनं मौलाबक्ष बागवानाची बाग गिळली. बागवानाच्या बापानं लावलेली डाळिंबं, पेरू, सीताफळं, सगळं काळं झालं.

मालूनं ते पाहिलं आणि तो पळाला.

डोंगरातल्या एका कपारीत तो दडून राहिला; ती जागा फक्त त्याच्या आईला ठाऊक होती. पान हललं की त्याला वाटे, वाघ आला. दगड घसरला की वाटे, बागवान आला. वाघापेक्षा त्याला बागवानाचीच भीती जास्त होती.

एका सकाळी खरंच पावलं वाजली. मालूनं डोकावून पाहिलं. मौलाबक्ष एकटाच वर चढत होता, हातात जाड काठी. पळायला वाट नव्हती. त्यानं हाताला लागला तो धोंडा उचलून डोक्यावर धरला. म्हातारा जवळ आला की घालायचा, एवढंच त्याच्या मनात उरलं.

मौलाबक्ष समोर आला आणि धोंडा पाहून जागीच थांबला. मग त्यानं काठी खाली ठेवली.

“वाघाच्या भीतीनं आणली होती रे. तुझ्यासाठी नाही.”

मालूचे हात वरच होते. “मग कशाला आलात, चाचा?”

“आज ईद आहे. नमाजाला निघालो, तर वाटेत तुझी आई देवळाच्या पायरीवर रडताना दिसली. म्हणाली, तुमच्यापुढे यायला तोंड नाही, म्हणून देवाकडं लेकासाठी माफी मागतेय. मीही अल्लाकडं माफीच मागायला चाललो होतो. पण ती मागत होती ती माफी माझ्याजवळच होती. ती न देता मी कोणत्या तोंडानं हात पसरू? तुझी जागा तिनंच सांगितली. चल घरी.”

धोंडा मालूच्या हातून गळून पडला. आपण काय करणार होतो, हे त्यानं रडत रडत सांगितलं. ते आपण पाहिलंच होतं, असं मौलाबक्ष म्हणाला आणि त्यानं मालूचा हात धरला. वाघाच्या भीतीनं दोघं एकमेकांना धरूनच खाली उतरले. मौलाबक्षला नमाजाची शेवटची रांग मिळाली. दुपारी मालू आणि त्याची आई त्याच्या घरी शिरखुर्मा प्यायले.

पावसाळा लागताच मालूनं जळलेल्या बागेत नवी रोपं लावली. ती झाडं पुढं फळांनी वाकली. तरी त्या सकाळची आठवण आली की त्याच्या अंगावर काटा येई.

तात्पर्य : क्षमा मनात ठेवू नये, भ्यालेल्या माणसापर्यंत चालत जाऊन पोचवावी; देवाला कोणत्याही नावानं हाक मारा, त्याला हेच आवडतं.